एवढी एसटीपी असूनही खाडीकडे जाणारा नाला काळा का?

तुमचा प्रश्न असा: नवी मुंबईत इतकी मलप्रक्रिया केंद्रं (एसटीपी) आहेत, तरी नाल्याला वास येतोच, मग ही केंद्रं नदी-खाडी वाचवतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी ऑक्सिजनचा हिशेब बघा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाच दिवसांत वापरतात तो ऑक्सिजन, लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम धरला, तर 10 लाख लिटर सांडपाणी पाच दिवसांत 200 किलो ऑक्सिजन खातं. बऱ्या अवस्थेतल्या नदीत लिटरमागे 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असला, तर ही भूक भागवायला 4 कोटी लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन लागतो. मासे मरतात ते गुदमरून. एसटीपी ही भूक काठावर, टाकीतच भागवते आणि बीओडी 10 च्या आसपास आणून मग पाणी सोडते.

इथल्या केंद्रांत सी-टेक, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने सगळी कामं उरकणारी एसबीआर पद्धत वापरतात. आधी जाळ्या: पहिली साधारण 20 मिलिमीटरची, दुसरी 6 मिलिमीटरची. मग वाळू खाली बसते. पुढे एकाच टाकीत 3-4 तासांचं चक्र चालतं: पाणी भरताना तळाच्या डिफ्युझरमधून (बारीक बुडबुडे सोडणाऱ्या छिद्रांमधून) हवा, मग हवा बंद करून गाळ बसू देणं, आणि शेवटी डिकँटर हळूहळू खाली उतरवून वरचं निवळ पाणी काढणं. ते क्लोरिनेशनला जातं, कारण निवळ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असतात. जादा गाळ सेंट्रीफ्यूजमध्ये पिळून काढतात.

काम करतात ते जिवाणू. टाकीत ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहिला तर ते अमोनियाचंही नायट्रेट करतात. हे फार महत्त्वाचं, कारण 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला जवळजवळ 4.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. बीओडी उतरला आणि अमोनिया तसाच राहिला, तर नदीचा ऑक्सिजन पुढे जाऊन तुटतोच.

टाकीची तब्येत एका लिटरच्या काचनळीत कळते. टाकीतलं पाणी भरा, अर्धा तास हलवू नका. तपकिरी गाळ 300-350 मिलिलिटरपर्यंत बसला आणि वरचं पाणी निवळ राहिलं, तर ठीक. 700-800 वर तरंगत राहिला तर दोन शक्यता: एकतर गाळ जास्त साठलाय, वेळेवर काढलेला नाही, नाहीतर तंतुमय जिवाणू माजलेत, आणि त्यामागे बहुधा हवा कमी पडणं किंवा हॉटेलांचं तेल असतं. मग डिकँटरबरोबर गाळच खाडीकडे निघतो. डिफ्युझर चोंदले की हवा ढकलणारा ब्लोअर पूर्ण ताकदीने चालू असूनही टाकी उपाशीच. चोरून सोडलेलं रसायन तर सगळ्यात वाईट: जिवाणू एका रात्रीत मरतात, नवे तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात.

पावसाळ्यात सोसायट्या गच्चीचे पाइप मलवाहिनीच्या चेंबरला जोडतात. हा प्रकार मला अक्षम्य वाटतो. प्रवाह दुप्पट होतो, चक्र आखडावं लागतं, गाळ बसायला वेळच उरत नाही.

आता तुमचा नाला. जे पाणी केंद्रात पोचतच नाही, त्याचं केंद्र काहीच करू शकत नाही. नाला मुळात पावसाच्या पाण्यासाठी. एप्रिल-मे महिन्यात, ओहोटीच्या वेळी, तो वाहताना दिसला तर ते बहुतेक सांडपाणीच: फुटलेली लाइन, तुंबलेलं चेंबर, बंद पडलेलं पंप हाऊस किंवा चुकीची जोडणी. काठाने वर चालत जा. जिथून पाण्याचा रंग बदलतो, तिथला पाइप शोधा. पाइपाचा फोटो, जवळच्या चेंबरची जागा आणि पाहिल्याची वेळ लिहून विभाग कार्यालयात तक्रार द्या. सकाळी 7 ते 10 ची वेळ निवडा. घरांतून सगळ्यात जास्त पाणी तेव्हाच सुटतं आणि गळती लपत नाही.