पाच आठवड्यांचं बाळ आणि एकेचाळीस वस्तू

"बाळासाठी काय घ्यायचं ते ठरवताच येत नाही. नाही घेतलं तर काही कमी पडेल, घेतलं तर त्यानेच काही होईल. बाळ झोपलं की मी मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचत बसते." ही पहिलटकरीण पाच आठवड्यांच्या बाळाला घेऊन समुपदेशनाला आली होती. सोबत नवरा होता. त्याला हा खर्चाचा प्रश्न वाटत होता, तिला आईपणाचा. (दोघांची ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.)

"एवढा विचार करू नका" असं सांगून अशी काळजी हटत नाही, उलट आपलं कुणी ऐकतच नाही असं आईला वाटतं. शिवाय विचार करायला हवाच. फक्त तिचा विचार "कुठली कंपनी चांगली?" इथून सुरू होत होता. त्याआधीचा प्रश्न असतो: ही वस्तू बाळाच्या श्वासाजवळ जाणार, तोंडात जाणार, की त्वचेला लागणार? घरात होतं ते सगळं दोघांनी या तीन रकान्यांत लिहून आणलं. एकेचाळीस वस्तू भरल्या. त्यातल्या सात कुठल्याच रकान्यात बसेनात, त्यांवर वेळ घालवला नाही.

सगळ्यात जास्त वेळ श्वासाच्या रकान्यातल्या पाळण्यावर गेला. त्यात मऊ गादी, डोकं चपटं होऊ नये म्हणून मध्ये खळगा असलेली उशी, दोन्ही कुशींना छोटे लोड, कडेने कापडी पॅडिंग आणि एक मऊ खेळणं होतं. हे सगळं तिने बाळ सुरक्षित राहावं म्हणूनच घेतलं होतं आणि नेमकं तेच काढायला सांगायचं होतं. या वयात डोकं जड असतं आणि मानेत जोर नसतो. उशीने डोकं पुढे झुकलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. तोंड मऊ कापडात रुतलं तर बाळाला मान वळवून सुटता येत नाही, ते स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं. म्हणून टणक, सपाट गादी, तिच्यावर घट्ट बसणारी चादर आणि उताणं बाळ. बाकी पाळणा रिकामा. हाताने दाबून सोडल्यावर गादीत खळगा राहायला नको. गादी आणि कड यांच्या फटीत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आत हवं. डोक्याकडून उंच केलेली तिरकी झोपणी तर घेऊच नये. 10 अंशांपेक्षा जास्त उताराच्या अशा वस्तू विकायला अमेरिकेत 2022च्या कायद्याने बंदी आहे.

"उताणं झोपलं आणि दूध वर आलं तर?" हा तिचा पुढचा प्रश्न होता आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढून जावं लागतं. पालथ्या बाळात हेच उलटं होतं. डोक्याच्या आकारासाठीच्या उश्या वापरू नका, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही 2022मध्ये बजावलं आहे. त्यापेक्षा बाळ जागं असताना, समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं पालथं ठेवावं आणि पाळण्यात डोकं कुठल्या बाजूला ते आलटून पालटून बदलावं. थंडीची भीती असेल तर सुटं पांघरूण घालू नये. आपल्याला लागतात त्यापेक्षा कपड्यांचा एक थर जास्त पुरतो. बाळाला गरम होतंय का ते मानेच्या मागे हात लावून पाहावं, कारण तळहात आणि पावलं एरवीही गार लागतात.

पायाला बांधून झोपेत बाळावर लक्ष ठेवणारं यंत्र घेऊ का, असं नवऱ्याने विचारलं. निरोगी बाळाचा झोपेतला आकस्मिक मृत्यू अशा यंत्राने टळतो, असा पुरावा नाही. आणि जी आई आधीच जागी राहते तिला त्याचे खोटे गजर आणखी जागवतील. ते घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगितलं.

त्वचेच्या रकान्यात वेगळीच अडचण होती. बाळाला डायपरचा पुरळ आला होता आणि नऊ दिवसांत चार क्रीम, दोन प्रकारचे वाइप्स आणि एक नवा डायपर वापरून झाला होता. त्यामुळे पुरळ कशाने वाढला, कशाने कमी झाला, काहीच कळायला मार्ग उरला नव्हता. आम्ही वाइप्स थांबवायला सांगितले. कोमट पाणी आणि कापूस, मग न घासता टिपून कोरडं करणं, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर, दर दोन-तीन तासांनी आणि शी झाली की लगेच डायपर बदलणं. मलम दर वेळी खरवडून काढायचं नाही, मळलेला थर तेवढा पुसायचा. तीन दिवस दुसरं काही बदलायचं नाही. ओलसरपणाचा पुरळ बहुधा फुगीर भागावर येतो आणि घड्या सुटतात. घड्यांतच लालभडक चट्टा आणि कडेने बारीक पुटकुळ्या असतील तर ती बहुधा बुरशी असते, ती डॉक्टरांना दाखवावी. ताप 38 अंश सेल्सियस किंवा जास्त असेल तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तेव्हाच न्यायचं.

वेष्टनावरचे शब्दही तिला समजून घ्यायचे होते. अमेरिकेत 'हायपोअॅलर्जेनिक' या शब्दामागे कायद्याने ठरलेली कसोटी नाही. 'अनसेंटेड'मध्ये दुसरा वास झाकणारा सुगंध असू शकतो, म्हणून 'फ्रेग्रन्स-फ्री' शोधावं. पुढची मोठी अक्षरं सोडून मागची घटकांची यादी वाचावी. पावडर कुठलीच नको, तिची धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते.

तोंडाच्या रकान्यातलं थोडक्यात: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आत जाते ती बाळाजवळ नको. दातांसाठीच्या मण्यांच्या माळा नकोत, बेंझोकेन असलेलं बधिर करणारं जेल नको. बटणासारख्या चपट्या, गोल सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरातच नको, कारण गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती आतून भाजू शकते.

खरेदीचे नियम त्या दोघांनीच ठरवले. रात्री नऊनंतर काही मागवायचं नाही. वस्तू याच आठवड्यात लागणार नसेल तर दोन दिवस थांबायचं. कपडे आणि अंथरुणं नवऱ्याने निवडायची, त्याची निवड तिने तपासायची नाही. हा शेवटचा नियम तिला सगळ्यात जड गेला. बाळ झोपलेलं असूनही झोप न येणं हे लक्षण आम्ही वेगळं धरलं आणि एडिंबराची दहा प्रश्नांची, प्रसूतीनंतरच्या नैराश्याची चाचणी भरून घेतली. तिचं उत्तर पुढच्या तपासणीची गरज दाखवत होतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. खरेदीचे नियम त्या मदतीच्या जागी ठेवता येत नाहीत.

पाचव्या दिवशी पुरळ ओसरला. नंतर तिने एकच वाइप्स परत सुरू केले आणि पुरळ आला नाही. म्हणजे संशय त्या चारांतल्या सुगंधी क्रीमवर राहिला आणि ते टाकून दिलं. तीन आठवड्यांनी तिने फोन केला तो एकाच वस्तूसाठी. कुणीतरी वॉकर देऊ करत होतं. कॅनडात त्याच्या विक्रीवर 2004पासून बंदी आहे हे तिने वाचलं होतं, तरी कारण तिने स्वतःच मांडलं: चाकांमुळे बाळ पायऱ्यांशी आपल्याआधी पोचतं आणि त्याचा हात नको तिथे जातो. तिने त्याऐवजी जमिनीवर अंथरायची जाड चटई मागितली होती. ती कशाने धुवायची, एवढंच तिला विचारायचं होतं.