सगळं विचारून विचारून करतो, मला काम कधी येणार?

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांचा, बी.कॉम. झालोय, सांगलीकडचा. दिवाळीनंतर पुण्यात एका टॅक्स कन्सल्टंटकडे लागलो. बँक रिको, म्हणजे आपल्या वहीतल्या नोंदी आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, करायला देतात, फरक येतो, सरांना विचारायला गेलं की सगळ्यांसमोर "डोकं घरी ठेवून येतोस का" ऐकायला मिळतं. रूमवरही तेच, आईने कधी गॅसजवळ जाऊ दिलं नाही त्यामुळे पार्टनर चिडवतात. मामेभाऊ म्हणतो तुला कॉन्फिडन्स नाही, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लाव. लावू का?

उत्तर : अरे कसला क्लास! कॉन्फिडन्सचा काही संबंध दिसत नाही मला, फरक आला की तो शोधायचा कसा हे तुला कुणी दाखवलंच नाही एवढंच. कॉलेजात गणितं जुळणारीच देतात रे. म्हणून तर सीएच्या पोरांनाही नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, करावीच लागते, आधी 3 वर्षं होती, 2023 च्या नव्या स्कीममध्ये 2 झाली.

तर रिकोचंच घेऊ. आधी नेहमीची कारणं बाजूला काढायची, दिलेले पण न वटलेले चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस, व्याज वगैरे. तरी काही उरलं तर त्या आकड्याकडेच नीट बघ. समजा 540 उरले. 9 ने भाग जातोय? जातो, 60 येतात. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडल्याची शक्यता आहे, 1,280 चे 1,820 झाले असतील, कारण शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक 9 च्याच पटीत येतो. आणि 60 मधला 6 सांगतो की त्या दोन अंकांत 6 चं अंतर आहे, पुढचं शून्य सांगतं की एकक सोड, दशक-शतकात शोध. म्हणजे अख्खं स्टेटमेंट पहिल्यापासून टिक करत बसायची गरज नाही, 82 चे 28, 71 चे 17, 93 चे 39 असलं काही झालंय का तेवढं बघायचं. नाही सापडलं तर फरकाचं अर्धं कर, 270 ची एंट्री पेमेंटऐवजी रिसीटला गेलीय का बघ, उलट्या बाजूला पडलेली रक्कम फरकात दुप्पट दिसते ना. हमखास चालतं असं नाही हं, दोन चुका एकत्र आल्या की सगळंच बोंबलतं.

तेव्हा सरांकडे जा, पण "फरक येतोय" म्हणून नाही. "सर 540 राहतायत, चेक आणि चार्जेस बघून झाले, उलटे आकडे बघितले, 270 पण शोधले" असं सांग, म्हणजे त्यांनाही पुढचंच सांगावं लागेल. आणि तारीख बघून जात जा. दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख 11 ला जीएसटीआर-1 ची आणि 20 ला 3बी ची, त्याच्या आदल्या दोन दिवसांत कुठल्याच ऑफिसात कुणी गोड बोलत नाही. सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलणं चूकच आहे त्यांचं, पण ते सुधारायचं काम तू अंगावर घेऊ नकोस. टॅलीतलं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधलं) काही सांगितलं की ते वहीत लिहिताना नुसतं "एफ7 दाबायचं" लिहू नकोस, त्या एफ7 ची जर्नल नोंद का टाकली तेही लिही, नाहीतर पार्टी (ज्याचा हिशोब आहे तो) बदलली की परत विचारायला जाशील.

रूमचं म्हणशील तर रोज नवीन रेसिपी बघणं बंद कर आणि फक्त मुगाची खिचडी धर. 1 वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, 4 वाट्या पाणी. घट्ट झाली तर पुढच्या वेळी पाणीच बदल, तांदूळ, शिट्ट्या, गॅस सगळं एकदम बदललंस तर कशाने बिघडली ते कळणारच नाही. आणि लाईट बिलाचं काम स्वतःकडे घे, बिलावरचं चालू रीडिंग खाली मीटरवर जाऊन ताडून बघत जा, पार्टनर आपोआप तुलाच विचारायला लागतील.

क्लासचे पैसे भरले नसतील तर भरू नकोस. भरले असतील तर परत मागून बघ, पावती ठेवलीयस ना?