सोलापूरचे ऊन आणि आपले घर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मार्च संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. दिवाळीच्या सुमारास रंग, फर्निचर आणि देवघराची दिशा विचारणारे वाचक आता छत, पाणी आणि वीजबिल यांविषयी विचारू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : जुळे सोलापुरात तीनमजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. रात्री अकरा वाजताही पंख्याचा वारा गरम लागतो. गच्चीवर उष्णतारोधक रंग मारून घ्यावा की आतून पीओपीचे छत करावे?

रात्री नऊच्या सुमारास स्टुलावर उभे राहून तळहात छताला टेकवून पाहा. छत भिंतीपेक्षा स्पष्टपणे गरम लागेल. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी खालच्या बाजूने सोडू लागतो, म्हणजे बाहेर हवा निवू लागते नेमक्या त्याच वेळी आपली खोली तापते. पंखा छतालगतची तीच गरम हवा अंगावर ढकलतो. आतून पीओपी केल्यास मधल्या पोकळीमुळे थोडा फरक पडेल, पण स्लॅब तापायचा थांबणार नाही, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने त्याला पडणाऱ्या बारीक भेगाही थांबणार नाहीत. म्हणून उपाय वरूनच करावा.

पांढरा रंग उपयोगी आहे. तो ऊन परतवतो. मात्र डब्यावरील आकडे नव्या, स्वच्छ पृष्ठभागाचे असतात. आपल्याकडची धूळ पाहता गच्ची धुतली नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो पांढरेपणा बराच उतरतो. साधी चुन्याची सफेदी, गाळून घेतलेल्या चुन्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळून, दर मार्चमध्ये दोन हात दिली तरी काम भागते, आणि ती फार स्वस्त पडते. गळती असेल आणि एकदाच नीट खर्च करण्याची तयारी असेल, तर जलरोधक थर, पाणी वाहून जाईल असा उतार आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक हा क्रम ठेवावा. चायना मोझॅक टिकते आणि झाडूने साफ होते. हातात आणखी पैसे असल्यास मोझॅकखाली दोन इंची दाट फोमची शीट घालता येते. अशी शीट स्लॅबच्या वर असावी, खाली नव्हे. सोलर पॅनेल बसवणार असाल तर त्यांची सावलीही मोजा. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, आणि तेवढा स्लॅब झाकला जातो.

गच्ची सोसायटीची असल्याने परवानगी लागेल. ‘फायदा वरच्यांनाच, मग वर्गणी सगळ्यांची का?’ हा प्रश्न बैठकीत येणारच. गळती थांबल्याने इमारतीच्या लोखंडाचे आयुष्य वाढते आणि ते सर्वांचे आहे, हे त्याचे उत्तर आहे.

बिनखर्चाची एक गोष्ट सांगायची राहिली. मे महिन्यात येथे दुपारी पारा चाळिशीच्या घरात असतो आणि पहाटे पंचविशीच्या आसपास उतरतो. हा पंधरा अंशांचा फरक वापरायचा तर खिडक्या सकाळी नऊ-दहाला बंद करून पडदे ओढावेत आणि सूर्यास्तानंतर सताड उघडाव्यात. बहुतेक घरांत नेमके उलटे चालते. दिवसा ‘हवा खेळावी’ म्हणून लू आत घेतली जाते आणि रात्री डासांमुळे सगळे बंद होते. जाळीची तावदाने बसवण्यावर केलेला खर्च एसीवरच्या खर्चाइतकाच गांभीर्याने घ्यावा.

प्रश्न : होटगी रोडला पश्चिमाभिमुख प्लॉटवर बंगला बांधत आहोत. थ्रीडी चित्रात दर्शनी भागाला दुमजली काच आहे. वास्तुतज्ज्ञांनी दक्षिणेच्या खिडक्या मात्र बंद करायला सांगितल्या आहेत. काय करावे?

दोन्ही गोष्टी उलट करा, असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिणेचे ऊन हे सर्वांत शहाणे ऊन आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, तेव्हा ऊन आत आले तरी हवेसे वाटते. आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर तो माध्यान्हीला आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा उन्हाळाभर पुरतो. पश्चिमेला हे गणित कोसळते. मे महिन्यात दुपारी चार वाजता सूर्य जेमतेम ३९ अंशांवर असतो आणि पाच वाजता २५ अंशांवर. पश्चिमेच्या त्याच खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तरी चारला तो वरचा दीड फूट झाकतो आणि पाचला फूटभरही नाही. दुमजली काचेला तर छज्जा काढणार कोठे? काचेतून आत आलेले ऊन फरशीवर, सोफ्यावर, भिंतीवर पडून उष्णता बनते आणि ती उष्णता त्या काचेतून सहजी बाहेर पडत नाही. बंद करून उन्हात उभी केलेली मोटार आठवावी.

दर्शनी भाग पश्चिमेलाच असेल तर तेथे जिना, स्वच्छतागृहे, कपड्यांची खोली आणि कोठी यांची रांग लावावी, म्हणजे संध्याकाळचे ऊन त्यांनी खावे आणि मागच्या खोल्या वाचाव्यात. नैर्ऋत्येला जड बांधकाम असावे असे वास्तुतज्ज्ञही सांगतात, तेव्हा घरात या एका मुद्द्यावर तरी वाद होणार नाही. भव्यता हवीच असेल तर काचेऐवजी विटांची जाळी किंवा उभ्या पट्ट्या लावाव्यात आणि समोर कडुनिंब लावावा.

प्रश्न : आमचा शहरातील जुना माळवदाचा वाडा आहे. उन्हाळ्यात आत शिरले की गार वाटते, पण एका भिंतीला पोट सुटले आहे आणि तुळयांना वाळवी लागली आहे. भाऊ म्हणतात पाडून आरसीसी बांधू. ठेवण्यासारखे काही आहे का?

ठेवण्यासारखे पुष्कळ आहे, पण आधी भीतीचा भाग बोलू. माळवद गार असते ते त्याच्या वस्तुमानामुळे. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. ऊन या सगळ्यातून खाली पोचेपर्यंत रात्र होते. हेच वस्तुमान भूकंपात जीवघेणे ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीच्या भूकंपात लोक दगावले ते बव्हंशी अशाच जाड भिंती आणि जड माळवदांखाली. गळते म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकण्याची आपली सवय या धोक्यात भर घालते. फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते, आणि भिजल्यावर आणखी वाढते. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब सव्वातीनशे किलोच्या आत असतो.

पोट सुटण्याचे कारण भिंतीच्या आत असते. बाहेरून एकसंध दिसणारी ती भिंत प्रत्यक्षात दोन पातळ भिंती आणि मध्ये भरलेली कपची-माती अशी असते. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आरपार दगड नसले आणि वरून पाणी मुरले, की मधला भराव खाली बसतो आणि बाहेरची बाजू फुगते. ती भिंत ओळंब्याने मोजून, टेकू देऊन, तेवढाच भाग उतरवून आरपार दगडांसह पुन्हा रचता येतो. तुळयांचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे दाभण टोचून पाहा. दाभण सहज आत गेले तर ते टोक संपले. मधला भाग शाबूत असल्यास टोकाला लोखंडी आधार देऊन तुळई वाचते. वरची जादा माती उतरवावी, छताच्या पातळीवर सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालावा आणि मगच जलरोधनाकडे वळावे. दगडमातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. आतली ओल अडकून भिंत पोखरते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो.

हे सगळे संरचना अभियंत्याने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सुरू करू नये. त्यांनी ‘पाडा’ म्हटले तर पाडा, पण भाऊंना एवढे जरूर सांगा की नव्या आरसीसी घरातही मधला चौक, छताचे साणे (उजेड-हवेचे झरोके), जाड पश्चिम भिंत आणि शहाबादी फरशी घेता येते. गारवा त्या मांडणीतही होता.

प्रश्न : घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग आहेत. दुपारी कामगार टिकत नाहीत. छत उंच करून उपयोग होईल का?

थोडा होईल, पण पत्रा तसाच राहिला तर तापलेला पत्रा डोक्यावर आच टाकतच राहील. प्रथम पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग द्यावा आणि खाली हातभर अंतर सोडून दुसरे हलके छत बसवावे; मधली गरम हवा माथ्यावरील फटीतून बाहेर जायला हवी. नवे छत करणार असाल तर कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे आठवा. त्यांची काच उत्तरेला असते. प्रकाश भरपूर, ऊन जवळजवळ नाही. वर सांगितलेल्या मे ते जुलैच्या उत्तरेकडील सूर्यासाठी त्या काचेवर फूटभर छज्जा ठेवावा. कूलर लावायला हरकत नाही, उलट सुती धागा कोरड्या हवेत जास्त तुटतो, त्यामुळे ओलसर हवा माणसालाही बरी आणि ताण्यालाही. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा साचेल. मागांचा पाया घराच्या पायापासून सुटा आहे ना, तेवढे तपासून घ्या.

प्रश्न : काळ्या मातीवरील आमच्या घराच्या भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. भरून घ्याव्यात का?

आत्ता नको. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. ऊन-पाण्याच्या या खेळात भेग उघडझाप करते. भरलेले सिमेंट पुढच्या वर्षी पुन्हा सुटेल. घराभोवती चार फुटांचा उताराचा फरशीबंद पट्टा करावा, न्हाणीचे आणि गच्चीचे पाणी पायापासून दूर न्यावे, म्हणजे मातीतील ओल वर्षभर सारखी राहील. दोन पावसाळ्यांनंतर जी भेग स्थिर झाली असेल तीच भरावी. एखादी भेग तिरकी, खांबातून किंवा तुळईतून जाणारी असेल तर थांबू नये, अभियंत्याला बोलवावे.

प्रश्न : नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवून किती दिवस पुरेल?

वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटर धरला आणि वाया जाणारे वजा केले, तर सुमारे ४१ हजार लिटर मिळते. चार माणसांना दिवसाला ५४० लिटर लागते असे मानल्यास हे पाणी अडीच महिन्यांचे आहे. पण ते एकदम येते, आणि ४१ हजारांचा हौद कोणी बांधत नाही. आठ-दहा हजार लिटरचा हौद ठेवून जादा पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरभोवतीच्या खड्ड्यात सोडावे; जड झालेले बोअरचे पाणी त्याने थोडे हलकेही होते. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर काढून देणारी झडप पाइपवर बसवा, विशेषतः मार्चमध्ये गच्चीला चुना दिला असेल तर.