प्राध्यापक हॉर्सफर्ड बेकिंग पावडरच्या धंद्यात कसे आले?
पाव फुगवण्यासाठी लागणाऱ्या महागड्या आयात आम्लाला त्यांनी स्वस्त पर्याय शोधला, त्याचं १८५६ मध्ये पेटंट घेतलं आणि जॉर्ज विल्सन यांच्यासोबत अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये रमफर्ड केमिकल वर्क्स उभं केलं. एबेन हॉर्सफर्ड जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्याकडे शिकले होते. हार्वर्ड विद्यापीठातली प्राध्यापकाची नोकरी त्यांनी १८६३ मध्ये सोडली. त्यांच्या शोधापूर्वी खाण्याच्या सोड्याबरोबर क्रीम ऑफ टार्टर हे आम्ल वापरत. ते युरोपातल्या वाइनच्या पिंपांत साचणाऱ्या थरातून मिळे, त्यामुळे भाव वरखाली व्हायचा. हॉर्सफर्डनी हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून कॅल्शियम आम्ल फॉस्फेट बनवलं. खरी अडचण पुढेच होती: आम्ल आणि सोडा एका डब्यात ठेवले की हवेतल्या ओलाव्याने तिथेच वायू सुटतो आणि पीठ फुगवायला काही उरत नाही. कॉर्नस्टार्च (मक्याचा स्टार्च) मिसळल्यावर तो ओलावा शोषून घेऊ लागला आणि दोन वेगळ्या पुड्यांची गरज संपली. ही युक्ती मला पेटंटहून मोठी वाटते. आजच्या डब्यावरही घटकांत स्टार्च दिसेल. मात्र बेकिंग पावडरचे पहिले जनक ते नव्हेत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्येच ती बनवली होती.