पहिलीच बाटली बारोलोची नको

बारोलो म्हणजे इटलीतली नेब्बिओलो द्राक्षाची महागडी लाल वाइन. तिच्याआधी ‘लांगे नेब्बिओलो’ ही वाइन घ्या. द्राक्ष तेच, इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातल्या त्याच टेकड्यांवरचं, पण खिशाला परवडणारं. ग्लासातला फिका, कडेला विटकरी रंग बघून वाइन पाणचट वाटेल. पहिल्याच घोटाला मात्र हिरड्या आवळतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या. घाबरू नका, ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा. म्हणूनच तर बारोलो किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात.

बाटली तास-दोन तास आधी उघडून काचेच्या मोठ्या भांड्यात ओतून ठेवा. मग हळूहळू वाळलेल्या गुलाबाचा वास येतो. माझा सगळा जीव त्या वासात आहे! पुढे बारोलो घ्याल तेव्हा गाव बघा: ला मोर्राची त्यातल्या त्यात मऊ, सेर्रालुंगाची करकरीत, तिला वर्षं द्यावी लागतात. आणि उपाशीपोटी पिऊ नका, सोबत मटण हवंच.