वाचकांचे प्रश्न : जेनकिन्समधून डॉकर चालवलं की फोल्डर रिकामं का येतं?

प्रश्न : नमस्कार, अंबडला आमचं छोटं ऑफिस आहे, द्राक्ष पॅकहाऊसवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. जेनकिन्स (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारं टूल) डॉकरमधेच (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) चालतं आणि पाइपलाइनमधून, म्हणजे जेनकिन्सच्या कामांच्या साखळीतून, टेस्टसाठी डॉकर रन करायचंय. आधी 'डॉकर नॉट फाउंड' आलं, क्लायंट (डॉकरची कमांड) टाकला आणि सॉकेट (डॉकरशी बोलायची फाइल) जोडलं तर 'परमिशन डिनाइड', ते सॉकेटला ७७७, म्हणजे सगळ्यांना पूर्ण परवानगी, देऊन मिटवलं. आता कंटेनर सुरू होतो पण आत कोडचं फोल्डर रिकामं! सर्व्हरवर स्वतः कमांड मारली की सगळं नीट चालतं. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तिन्ही एररचं मूळ एकच आहे. डॉकर ही कमांड नुसता निरोप देते, खरं काम सर्व्हरवरचा डिमन (मागे सतत चालणारा डॉकरचा प्रोग्राम) करतो आणि निरोप सॉकेटमधूनच त्याच्याकडे जातो. जेनकिन्सच्या अधिकृत इमेजमधे (ज्या साच्यातून कंटेनर बनतो) तर ही कमांडही नसते, म्हणून पहिला एरर. आणि पाइपलाइनमधून जो कंटेनर उठतो तो जेनकिन्सच्या पोटात नाही, त्याच्या शेजारी, थेट सर्व्हरवर उठतो. त्यामुळे हायफन व्ही (-v, फोल्डर जोडायचा पर्याय) पुढे तुम्ही वर्कस्पेसचा, म्हणजे जेनकिन्सच्या कोडच्या फोल्डरचा, जो पाथ देता तो डिमन सर्व्हरवर शोधतो, तिथे तो नसतोच, मग डॉकर गुपचूप त्या नावाचं रिकामं फोल्डर बनवून जोडून देतो. हायफन व्हीच्या जागी माउंट (--mount) वापरलंत तर असं होत नाही, पाथ नाही म्हणून सरळ एरर येतो, आणि मला तेच बरं वाटतं, तासन्‌तास शोधाशोध वाचते.

उपाय म्हणजे व्हॉल्यूम्स-फ्रॉम (--volumes-from) लावून जेनकिन्सच्याच कंटेनरचे व्हॉल्यूम (त्याला जोडलेली फोल्डरं) नव्या कंटेनरला द्या. किंवा जेनकिन्सच्या डॉकर पाइपलाइन प्लगइनचं इनसाइड (inside) वापरा, आपण कंटेनरमधे आहोत हे ते ओळखतं आणि हेच आपणहून करतं.

आता ते ७७७ आजच काढा, प्लीज. ज्याचा हात सॉकेटपर्यंत पोचला तो सर्व्हरची अख्खी डिस्क कंटेनरला जोडून रूट (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेला युजर) होऊ शकतो, आणि तुमच्या गिऱ्हाईकांचा डेटा त्याच मशीनवर असेल तर विचार करा. शिवाय सॉकेट पुन्हा तयार झालं की ती परमिशन उडते आणि ऐन सीझनमधे बिल्ड बंद पडतं. सर्व्हरवर डॉकर ग्रुपचा नंबर बघा आणि जेनकिन्सचा कंटेनर उभा करताना ग्रुप-ॲड (--group-add) या पर्यायाला तो नंबरच द्या, नाव नको, आतल्या इमेजमधे त्या नावाचा ग्रुप बहुतेक नसतोच. पण यानेही रूटइतकीच ताकद मिळते हं, म्हणून बाहेरच्या कोणाचा कोड या जेनकिन्सवर आपोआप बिल्ड होऊ देऊ नका. डॉकरच्या आत डॉकर चालवा असंही कोणी सुचवेल, त्याला सहसा प्रिव्हिलेज्ड मोड (कंटेनरला सर्व्हरचे जवळपास सगळे अधिकार) लागतो, तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

स्क्रिप्टमधे हायफन आयटी (-it) असेल तर त्यातला टी काढा, जेनकिन्सकडे टर्मिनल नसतं म्हणून 'नॉट अ टीटीवाय' येतं. आरएम (--rm, काम संपलं की कंटेनर पुसणारा पर्याय) लावा, नाहीतर जुने कंटेनर साचून डिस्क भरते.

आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो नंबर, बघत जा. १२५ म्हणजे डॉकरचीच अडचण, १२६ म्हणजे कमांड सापडली पण चालवता आली नाही, १२७ म्हणजे आत ती कमांडच नाही, बाकी कोड सहसा तुमच्या टेस्टचा. आउटपुट फाइलमधेही उतरवायला पाइपने टी (tee) कमांडला देत असाल तर बॅशमधे पाइपफेल (pipefail) चालू करा, नाहीतर टेस्ट पडली तरी बिल्ड हिरवं दिसेल.