‘चालेल, वापरा’ : या दोन शब्दांची मुदत किती?

प्रश्न : मी नृत्यप्रयोगांसाठी प्रायोगिक संगीत व ध्वनिसंरचना करते. ऑगस्ट २०१७ मध्ये पुण्यातील एका नृत्यसंस्थेसाठी हातमागाचे आवाज, श्वास आणि तानपुरा यांतून चाळीस मिनिटांची रचना केली. त्याचे साठ हजार रुपये मिळाले आणि ‘या ध्वनीचे सर्व हक्क संस्थेस दिले आहेत’ अशा एकपानी कागदावर मी सही केली. संस्था तो प्रयोग आजही करते, परदेशातही नेते. रचना आता कापून बावीस मिनिटांची केली आहे आणि कार्यक्रमपत्रिकेतून माझे नाव गेले आहे. माझ्या हाती काही उरले आहे का?

उत्तर : सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवावा, हे नृत्य-नाटकांना संगीत देणाऱ्यांना या सदरातून अनेकदा सांगून झाले आहे, ते पुन्हा सांगत नाही. तुमच्या प्रकरणात त्या सहीपेक्षाही निर्णायक ठरेल तो फेब्रुवारी २०२४ मधला व्हॉट्सॲप संदेश, जो तुम्ही पत्राला जोडला आहे, पण ज्याचा पत्रात एका अक्षरानेही उल्लेख केलेला नाही.

आधी सहीचे पाहू. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ च्या पोटकलम (५) नुसार, हक्क किती काळासाठी दिले हे हक्क देणाऱ्या कागदात नमूद नसेल तर तो काळ पाच वर्षांचा मानला जातो. आणि पोटकलम (६) नुसार प्रदेश नमूद नसेल तर ते हक्क भारतापुरतेच मानले जातात. ‘सर्व हक्क’ म्हणजे ‘सर्वकाळ’ नव्हे. त्यामुळे तुमच्या कागदावर मुदतीचा शब्द नसेल तर संस्थेचे हक्क ऑगस्ट २०२२ मध्ये संपले. ‘नसेल तर’ असे म्हणावे लागते, कारण तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात कागदाचा खालचा भाग कापला गेला आहे आणि ‘कायमस्वरूपी’ हा शब्द नेमका अशाच ठिकाणी दडलेला असतो. मूळ कागद शोधा.

आता तो संदेश. संस्थेच्या व्यवस्थापकांना तुम्ही लिहिले आहे, ‘चालेल, वापरा’. कलम ३० खाली परवाना, म्हणजे वापराची परवानगी, लेखी असावा लागतो, मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर सहीची अट राहिलेली नाही. त्यामुळे तुमचा हा संदेश म्हणजेच लेखी परवाना, असे संस्थेचे वकील म्हणणार हे उघड आहे. पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. कलम ३०-क ने कलम १९ च्या तरतुदी परवान्यालाही लागू केल्या आहेत, म्हणजे ज्या पाच वर्षांच्या नियमाने तुमची सुटका केली तोच नियम उलटून संस्थेला फेब्रुवारी २०२९ पर्यंत मोकळीक देऊ शकतो. याला उत्तर आहे : कलम १९ ला कृती, दिलेले हक्क आणि मोबदला यांचा स्पष्ट उल्लेख अपेक्षित आहे आणि तुमच्या दोन शब्दांत यांतले काहीच नाही. न्यायालय ते किती मानेल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणून खरा प्रश्न असा, की ‘चालेल’ हे कशाचे उत्तर होते? व्यवस्थापकांनी एका शनिवारच्या प्रयोगाबद्दल विचारले असेल तर परवानगी त्या शनिवारपुरती. ‘पुढेही वापरत राहू का’ असे विचारले असेल तर तुमची बाजू बरीच दुबळी होते. त्या आधीचा संदेश तुम्ही पाठवलेला नाही, आणि जे सर्वांत महत्त्वाचे तेच न पाठवण्याची ही सवय मला आताशा पाठ झाली आहे. पूर्ण संभाषण जतन करा आणि तो फोन विकू नका किंवा बदलू नका; भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासाठी त्याची गरज लागेल.

ध्वनी नृत्यापासून वेगळा काढता येत नाही, असा मुद्दा संस्थेने मांडला तरी मला तो फारसा भीतिदायक वाटत नाही. कायद्याच्या व्याख्येतच संगीतकृतीतून तिच्यासोबत करावयाची क्रिया (येथे नृत्य) वगळली आहे आणि नृत्यरचनेला नाट्यकृतीत स्वतंत्र जागा दिली आहे. अमेरिकन संगीतकार जॉन केज आणि नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम तर संगीत व नृत्य स्वतंत्रपणे रचून रंगमंचावरच त्यांची गाठ घालून देत. स्वरलेखन केले नाही म्हणूनही बिघडत नाही, कारण संगीतकाराच्या व्याख्येत त्याची अट नाही. हातमागाच्या नुसत्या खटक्यांना ‘संगीत’ म्हणावे का, यावर मात्र वाद होऊ शकतो. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, हे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी कोणाची होती यावर ठरेल. स्टुडिओचे भाडे संस्थेने भरले असेल तर सावध राहा. तुम्ही संस्थेच्या नोकरीत होतात, म्हणून रचना संस्थेचीच, असा बचाव आला, तर त्या वर्षीचा २६-एएस (प्राप्तिकर खात्याकडील करकपातीचा तपशील) काढून करकपात पगाराची दिसते की प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४-जे खालील व्यावसायिक शुल्काची, ते पाहा.

नाव गाळण्याचा आणि कापाकापीचा मुद्दा कलम ५७ खाली वेगळा उभा राहतो. बाकीचे हक्क दिल्यानंतरही या कलमाखालचा हक्क कृती रचणाऱ्याकडेच, म्हणजे तुमच्याकडेच, राहतो. नावाची मागणी सरळ आहे. कापाकापीबाबत मात्र तुमच्या प्रतिष्ठेला बाधा आल्याचे दाखवावे लागेल. परदेशातील प्रयोगांना त्या त्या देशाचा कायदा लागू होईल, त्यावर येथे बोलणे योग्य नाही.

नुकसानभरपाईचा दावा करण्याची मुदत उल्लंघनाच्या तारखेपासून तीन वर्षे असते आणि प्रत्येक प्रयोगासाठी ती वेगळी मोजली जाते. ऑगस्ट २०२२ नंतरच्या पहिल्या प्रयोगांची भरपाई तुम्ही विचार करण्यातच घालवली. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतो. त्याचे मूल्य तीन लाखांच्या वर गेले आणि तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. मुदत मोजताना तेवढा काळ धरला जात नाही, आणि आपल्या न्यायालयांतील तारखा पाहता मला ही मध्यस्थी वाईट वाटत नाही. नोटीस मात्र, व्यवस्थापकांचा तो आधीचा संदेश हाती येईपर्यंत पाठवू नका. आला की त्याच आठवड्यात पाठवा आणि असलेली-नसलेली प्रत्येक परवानगी मागे घेत असल्याचे तिच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.